जोनआजीच्या कार्डावरची नावं

जोनआजी गेली. आणि तिच्या कार्डावर नावं मावत नाहीयेत.

हे तिला ऐकवलं असतं तर हसून हसून तिला ठसका लागला असता.

इथे नेदरलँड्समध्ये माणूस गेलं की ओळखीच्यांकडे पोस्टाने कार्ड येतं. वर गेलेल्याचं नाव, खाली घरच्यांची.

जोन ही आमची उइटहॉर्नमधली शेजारीण. जन्म इंग्लंडमधल्या एका खेड्यातला, लग्न डच माणसाशी. नवरा वारला, मूलबाळ नाही. भावंडं नाहीत. वडील एकुलते, आजोबाही एकुलते.

मी तिला नुसतं जोन म्हणायचे. माझी आई व्हिडिओ कॉलवर ओरडली, "अगं, ऐंशीच्या बाईला नावाने काय हाक मारतेस!" तेव्हापासून जोनआजी.

एकदा कुणाचं तरी कार्ड हातात घेऊन म्हणाली, "माझ्या कार्डावर खाली काय छापतील? छापखान्याचा पत्ता?"

आम्ही दोघी हसलो. मग तिने ते कार्ड उलटं करून ठेवलं.

म्हणूनच ती मी यायच्या आधीपासून नातेवाईक शोधत होती. पणजोबांना एक बहीण होती, हॅना. तिचा वंश कुठेतरी असणारच, हा तिचा हट्ट. चर्चच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या वह्यांचे फोटो ऑनलाइन मिळतात. त्यात हॅनाचं लग्न सापडलं होतं. नवरा शेतमजूर, नाव जॉन स्मिथ.

"आख्ख्या इंग्लंडात हिला दुसरा मिळाला नाही?" जोनआजी वैतागायची.

मी म्हटलं, "आमच्याकडे कोल्हापुरात पाटील शोधण्यासारखं आहे हे."

शेतमजूर काम मिळेल त्या गावाला जायचे. लग्नानंतर हे जोडपं कुठे गेलं, पत्ताच नाही. चार वर्षं ती जनगणनेतले जॉन स्मिथ उपसत होती.

मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर, नवीन, सातवा महिना लागलेला. नवरा दिवसभर ऑफिसात. मी रिकामी, ती एकटी. वह्या वाचायला मीही बसायला लागले.

एका दुपारी आईचा कॉल संपला आणि मी जोनआजीच्या टेबलावरच रडायला लागले.

"काय झालं?"

"घरी असते तर एव्हाना मला माहेरी न्यायला आले असते."

"म्हणजे?"

"आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडे करतात."

"आणि बाळाचं नाव ठेवणं?"

"बारसं? बहुतेक वेळा तेही तिथेच."

जोनआजीने कप खाली ठेवला.

"हॅनाचं लग्न झालं," ती सावकाश म्हणाली, "आणि मी तिच्या गावची वही मिटली. म्हटलं, पोरगी गेली."

तीच वही पुन्हा उघडली. लग्नाच्या पुढची पानं. अर्ध्या तासात सापडलं. लग्नानंतर अकरा महिन्यांनी बाप्तिस्मा. बाळ विल्यम, आई हॅना, बाप जॉन स्मिथ, आता मेंढपाळ. राहणार, आणि पुढे वीस मैलांवरच्या गावाचं नाव!

जोनआजी ओरडली. मी ओरडले. पोटातल्या बाईसाहेबांनी सणसणीत लाथ मारली.

"आईकडे आली होती गं," जोनआजी डोळे पुसत म्हणत होती. "आईकडेच आली होती."

मग गाडी सुसाट. माझी मुक्ता जन्मली, तिला मांडीवर घेऊन जोनआजीने पुढच्या पिढ्या काढल्या. शेवटी हॅनाच्या नातवाचा नातू मिळाला. पीटर. वीस मैलांवरच्या त्याच गावात, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज.

जोनआजीने तीन पानी पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीचं: "कधी येऊ?"

तिच्या वाढदिवसाला व्हॅन भरून अकराजण आले. डच पद्धतीने सगळे गोल करून बसणार, प्रत्येकजण प्रत्येकाचं अभिनंदन करणार. तिच्याकडे खुर्च्या चार. आमच्या सहा नेल्या, समोरच्यांकडून आणखी. डच शेजारी केकचा एकेक तुकडा घेऊन शहाण्यासारखे बसले आणि पीटरने माझे नऊ बटाटेवडे हाणले.

खुर्च्या परत आणायला गेले तर जोनआजी म्हणाली, "राहू देत. पुढच्या वर्षी लागतील."

दर वर्षी लागल्या.

आज सकाळी पीटरचा फोन आला.

"कार्डासाठी तिने स्वतः यादी लिहून ठेवलीय. चौतीस नावं. छापखानेवाला म्हणतोय, अक्षर बारीक करावं लागेल."

मी म्हटलं, "आमची नावं राहिली तरी चालतील, तुम्ही घरचे आहात."

"राहतील कशी? पहिलं नाव तुझं आहे. मग तुझा नवरा, मग मुक्ता. आम्ही स्मिथ तुमच्या खाली."

फोन ठेवून मी मुक्ताला सगळं सांगितलं.

मुक्ताला मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये येतं. तिने विचारलं, "मग आपण तिच्या घरचे?"

हो गं बाई. घरचेच.

मघाशी किल्ली घेऊन खुर्च्या आणायला गेले होते. नाही आणल्या. गुरुवारी निरोपानंतर सगळी मंडळी तिच्याच घरी जमणार आहेत. लागतील.

दार ओढून घेताना सवयीने तोंडातून गेलं. माहेराहून निघताना कुणी "जाते" म्हणत नाही.

जोनआजी, येते गं.