सेटवरचा आळ

काका हवाई तळावर रडारचे सेट दुरुस्त करायचे. ते नक्की कुणाचे काका, हे कुणी कधी विचारलं नाही. तळाच्या मुख्य साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. एकदा तर त्यांच्या रजेच्या अर्जावर साहेबांनी 'काकांनी जायला हरकत नाही' असा शेरा मारला होता, आणि तो अर्ज मुख्यालयातून तसाच मंजूर होऊन आला होता.

तीस वर्षं काका उडणाऱ्या यंत्रांची पोटं उघडत होते आणि स्वतः एकदाही उडाले नव्हते. कुणी छेडलं तर म्हणायचे, शिंप्यानं गिऱ्हाइकाचा कोट घालून लग्नाला जाऊ नये. खरं कारण काकूंना ठाऊक होतं. माळ्यावरची ट्रंक काढायला शिडीची तिसरी पायरी चढले की काकांना घाम फुटायचा.

सेट म्हणजे विमानात बसवलेलं उभ्या कपाटाएवढं धूड. आत वायरींचा गुंता, समोर ताटलीएवढी गोल काच आणि तिच्यावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी हिरवी रेघ. वाटेत काही आडवं आलं की रेघ तिथं एक ठिपका सोडून पुढं जाते. जहाज असो, डोंगर असो, दुसरं विमान असो, रडारला सगळे सारखेच. तो ठिपका कशाचा, हे ओळखायचं काम समोर बसलेल्या माणसाचं.

आता गंमत अशी, की रात्रीच्या गस्तीवर गेलेल्या पोरांना अधूनमधून असा ठिपका दिसायचा, जो कशाचाच नसायचा. जहाजांच्या यादीत जहाज नाही, विमानांच्या यादीत विमान नाही, आणि ठिपका आपला शेजारून चाललाय, जुन्या ओळखीचा असल्यासारखा. सकाळी उतरल्यावर हे कळवावं लागे, आणि कळवलं की नियम कामाला लागे. आधी सेट तपासायचा. सेटमध्ये बिघाड निघाला तर प्रश्न मिटला. सेट ठीक निघाला तर बिघाड माणसात, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. डॉक्टर आधी डोळे बघत, मग रक्त, मग लहानपणी अंधाराची भीती वाटायची का ते विचारत, आणि हे सगळं उरकेपर्यंत महिना-दोन महिने उड्डाण बंद. असा माणूस जेवायच्या हॉलमध्ये शिरला की कुणीतरी हमखास छताकडे बघून विचारी, आज पाहुणे नाही आले वाटतं बरोबर? सेटही ठीक, माणूसही ठीक आणि बाहेर खरंच काहीतरी आहे, ही तिसरी शक्यता नियम लिहिणाऱ्यानं धरलीच नव्हती. बिघाडाच्या रजिस्टरात तिला रकानाच नव्हता.

सुरुवातीला दोन पोरं अशीच डॉक्टरकडे गेली. दोघांचे सेट काकांनीच तपासून 'ठीक' लिहिलं होतं. दुसरा तर परत आला तो गप्पगप्पच राहायला लागला. त्यानंतर एका सकाळी सात वाजता तिसरा आला. रडारवर बसणारा तरुण अधिकारी, चेहरा पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखा. काकांनी सेट उघडला. आत सगळं आरशासारखं लख्ख. काकांनी तळहात सेटच्या कडेला टेकवला, ताप बघतात तसा. ताप नव्हता. मागं तो पोरगा उभा. त्यानं हळूच विचारलं, "काका, सेटमध्येच असेल ना काहीतरी?"

काकांनी एकदा सेटकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि रजिस्टरात लिहिलं, 'जोड सैल. घट्ट केला.'

तीस वर्षांतलं हे त्यांचं पहिलं खोटं. पण खोट्याचं एक असतं, ते एकटं राहत नाही. पुढच्या आठवड्यात आणखी एक पोरगा आला. मग अजून एक. कुणी काही मागायचं नाही, नुसतं येऊन सेटशेजारी उभं राहायचं. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. इथं नाचणाऱ्यानं काही म्हणायच्या आतच अंगण पुढं होऊन 'मीच वाकडं' म्हणून सही करत होतं.

दोन वर्षांत अशा एकतीस नोंदी झाल्या. अडचण होती ती कारणांची. तेच तेच कारण लिहिलं तर वरच्यांना शंका येणार. म्हणून काका रात्री जेवताना कारणं शोधत. केबलमध्ये दमट हवा. बटण ढिलं. पंख्याची पाती वाकलेली. एका सकाळी काहीच सुचेना, तेव्हा घाईत त्यांनी लिहिलं, 'आत मुंगी आढळली.'

आठ दिवसांनी मुख्यालयाचं पत्र आलं. सदर मुंगी तपासणीसाठी पाठवावी.

काकांच्या कार्यशाळेत मुंगी कुठून असणार? तिथं धुळीचा कण शिरायची हिंमत करत नसे. त्या दिवशी अख्खा विभाग टेबलावर साखर सांडून दबा धरून बसला. दुपारपर्यंत एक भेटली. ती काड्यापेटीत घालून, वर 'मुंगी, नग एक' अशी चिठ्ठी लावून, पोचपावतीसह रवाना झाली. महिन्यानं उत्तर आलं की मुंगी तपासली, मुंगीत कोणताही दोष आढळला नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं तेवढंच. मग मुख्यालयानं सगळ्या तळांची यादी काढली, कुणाचे सेट वर्षात किती वेळा बिघडले त्याची. काकांचा विभाग यादीच्या तळाला होता. त्याच्या वरच्यापेक्षा दुपटीनं तळाला. ती यादी कँटीनच्या दाराशी फलकावर लागली, आणि चहाला येणाराजाणारा ती वाचू लागला.

काकांच्या घरी पूर्वी संध्याकाळी रांग असायची. कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री, कुणाचा टेबलफॅन. काका पैसे घेत नसत, फक्त यंत्र नीट न वापरल्याबद्दल मालकाला झापत, आणि लोक ते आनंदानं ऐकून घेत. यादी लागल्यावर रांग विरळ झाली. एक दिवस शेजारच्या वहिनी पिशवीत काहीतरी लपवून घाईघाईनं फाटकाबाहेर जाताना दिसल्या. पिशवीतून इस्त्रीची वायर लोंबत होती. काका गॅलरीत उभे होते. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

काकूंना सगळं माहीत होतं. काकांना त्यांच्यापासून काही लपवता येत नसे, तेवढी कुवतच नव्हती. त्या म्हणाल्या की सांगून टाका खरं काय ते. काका म्हणाले, सांगितलं तर उद्या सकाळी एकतीस पोरं डॉक्टरच्या दारात बसतील, आणि गस्तीला काय मी नि तू जाणार? हे पोरांच्याही कानावर गेलं. चार-पाच जण घरी आले, आम्हीच सांगतो म्हणाले. काकांनी त्यांना उभ्या उभ्या असं फैलावर घेतलं, की ती बिचारी पुन्हा त्या जिन्यानं चढली नाहीत.

मग ते पत्र आलं. तपासनीस साहेब येत आहेत. विभागाचं काम समाधानकारक न आढळल्यास तो दुसऱ्याकडे सोपवण्यात येईल, आणि काकांना निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं ब्लँकेटच्या स्टोअरमध्ये नेमण्यात येईल.

काकांनी पत्र तीनदा वाचलं. "ब्लँकेटमध्ये बिघडतं काय?" त्यांनी काकूंना विचारलं.

"कसर लागते," काकू म्हणाल्या. "निदान ती खरी तरी असते."

तपासनीस साहेब किडकिडीत होते. खिशाला दोन पेनं, हातात बॅटरी, आणि बोलणं कापून घेतल्यासारखं. काकांना ते 'मिस्टर फोरमन' म्हणायचे. तीस वर्षांत काकांना ही हाक कुणी मारली नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी दोनदा काका मागं वळून कोण ते बघत राहिले. साहेबांनी दोन दिवसांत सहाही सेट उघडले. आत बोट फिरवून पाहिलं, बोट स्वच्छ. जोड ओढून पाहिले, जोड घट्ट. जितकं चांगलं निघे तितका साहेबांचा चेहरा आंबट होत जाई. इतके नीटस सेट इतक्या वेळा बिघडतात कसे? एक तर रजिस्टर खोटं, नाही तर फोरमन आम्ही आलो म्हणून रातोरात आवरून बसलाय. शेवटी ते म्हणाले, आज रात्रीच्या गस्तीला मी स्वतः रडारवर बसणार. मिस्टर फोरमन माझ्या शेजारी बसतील. सेट बिघडला की जागच्या जागी दाखवतील.

काकूंनी स्वेटर, मफलर आणि खिसाभर गोळ्या दिल्या. खाली बघू नका म्हणाल्या. तिथं खिडकीच नसते, असं काकांनी सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं, काकांना मात्र आणखीच वाईट.

गस्तीचं विमान मोठं होतं. मधोमध पडदा लावलेली अंधारी खोपटी, तिच्यात सेट आणि दोन स्टुलं. विमान उडालं तेव्हा काकांनी डोळे मिटून सेटची कडा धरली. मग हळूहळू डोळे उघडले, आणि भीती विसरले. हा सेट त्यांनी कितीदा कार्यशाळेत पाहिला होता. पण इथं तो कामावर होता. खाली समुद्र, त्यावर जहाजांचे ठिपके, डावीकडे किनाऱ्याची कड, सगळं रेघेबरोबर उजळत होतं. आपली पोर शाळेच्या स्टेजवर न चुकता कविता म्हणतेय आणि आपण पहिल्यांदाच ऐकायला आलोय, तसं त्यांना झालं.

दोन तास असे गेले. मग उजव्या कडेला, वरच्या बाजूला, एक ठिपका उमटला.

साहेबांनी यादी पाहिली. यादीत काही नव्हतं. त्यांनी वैमानिकाला विचारलं. वैमानिक म्हणाला, त्या बाजूला काळोख आहे, बाकी काही नाही. त्याच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. विमान वळलं, ठिपकाही वळला. विमान हळू झालं, तोही हळू झाला. अकरा मिनिटं तो शेजारून चालत राहिला. मग रेघेच्या एका फेऱ्यात तो इथं होता, दुसऱ्या फेऱ्यात पार काचेच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिसऱ्या फेऱ्यात नव्हता.

रेघ आणखी दोन फेऱ्या मारून आली. मग साहेबांनी कपाळ पुसलं. "सेट बिघडलाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, अगदी हळू, "नाही का, काका?"

काका सेटकडेच बघत राहिले. पण हाक त्यांनी ऐकली होती.

सकाळी कार्यशाळेत साहेबांनी स्वतः रजिस्टर उघडलं, स्वतः पेनाचं टोपण काढलं आणि पेन काकांपुढं धरलं. दारात वैमानिक आणि रात्रीची बाकीची पोरं उभी.

"जोडच सैल असणार," साहेब म्हणाले.

काकांनी सेटच्या कडेला तळहात टेकवला. एकतीस वेळा त्यांनी त्याच्यावर आणि त्याच्या भावंडांवर आळ घेतला होता. त्या एकतीस रात्री त्यांनी पाहिल्या नव्हत्या. कालची पाहिली होती.

"साहेब, सेटला काही झालेलं नाही."

"मग त्या आधीच्या नोंदी?"

"तेव्हा मी विमानात नव्हतो. काल होतो. तुम्हीही होता."

साहेबांना याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. सेट ठीक म्हणजे माणूस डॉक्टरकडे. आणि पुढच्या महिन्यात साहेबांची बढती व्हायची होती. ते म्हणाले की एवढ्या एका नोंदीनं कुणाचं काही बिघडत नाही, इतक्या नोंदींत आणखी एक. काका म्हणाले, तेच तर. आणखी एक केली की तुम्ही माझा विभाग काढून घ्याल, आणि तसं केलंत तर तुमचं काही चुकणारही नाही.

मग त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं. 'सेट उत्तम. वस्तू अकरा मिनिटं दिसली. काय होती ते मला माहीत नाही. डॉक्टरकडे जात आहे.' खाली सही केली आणि रजिस्टर साहेबांकडे सरकवलं.

साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. दाराकडे पाहिलं. दारातली पोरं त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू कित्येक दिवस कुणीतरी ते वाक्य लिहील म्हणून ती थांबली होती. साहेबांनी खुर्ची ओढली, बसले, चष्मा पुसला, परत घातला. आणि काकांच्या ओळींखाली एकच शब्द लिहिला, 'मलाही.'

सही करताना त्यांचं पेन अडलं. काकांनी त्यांच्या हातातून ते घेतलं, निब फडक्याला पुसलं आणि परत दिलं.

दुपारी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले होते. साहेबांच्या मांडीवर त्यांच्या अहवालाची फाईल. डॉक्टरांना अजून कळायचं होतं की आज रुग्ण म्हणून कोण आलंय, आणि ते कळल्यावर नियमाचं काय करायचं हे वरपर्यंत विचारावं लागणार होतं. रडारचा विभाग काकांकडेच राहावा, सेट देशात सर्वांत उत्तम आहेत, आणि रजिस्टरात एक रकाना वाढवावा, असं अहवालात लिहून झालं होतं.

"ब्लँकेटच्या स्टोअरला दुसरा माणूस बघायला सांगावा लागेल," साहेब म्हणाले.

"सांगा," काका म्हणाले.

तेवढ्यात आतून साहेबांना हाक आली. साहेब उठले, शर्ट नीट केला, आणि दारापाशी जाऊन उगाच रेंगाळले. काकांनी त्यांना जवळ बोलावून सांगितलं, "पोरं सांगतात, आधी डावा डोळा झाका. उजवा आधी झाकला की सगळं पहिल्यापासून करायला लावतात. आणि अंधाराचं विचारलं तर थोडी भीती वाटायची म्हणा. अजिबात नाही म्हटलं की जास्त वेळ बसवतात."