शीट हलली नाय पायजे

थळच्या आमच्या गॅरेजवाल्या काकांना पट्टा 'लावणे' हा शब्दच मान्य नाही. पट्टा बांधायचा, होडी बांधतात तसा.

लेकीची कारसीट बसवायला गेलो आणि माहितीपुस्तिका पुढे केली, तर म्हणाले, "तुमी वाचा, मी बांधतो." सीटवर गुडघा रोवला, सगळं वजन टाकलं आणि दातओठ खात पट्टा ओढला. मग सीट धरून गदागदा हलवली. अख्खी गाडी डुलली.

"बगा. शीट हलली नाय पायजे, गाडी हलली पायजे."

काम संपल्यावर काका गॅरेजात खेळणाऱ्या आपल्या छोट्या नातीला ओढणीने पोटाशी बांधून स्कूटरवर बसले. मी काही बोलायच्या आत त्यांनी ओढणीची गाठ धरून गदागदा हलवली.

नात जागची हलली नाही. स्कूटर हलली.