चौथी सीट येईपर्यंत

बेलवलीच्या नाक्यावरून अंबरनाथला शेअर रिक्षा चालवणारे एक काका आहेत. चौथी सीट भरल्याशिवाय जन्मात निघत नाहीत. "निघाली, निघाली, निघालीऽऽ" असं नाकातून गातात आणि रिक्षा जागची हलत नाही. त्यांची नक्कल मी इतकी झकास करतो की एकदा दोन माणसं खरंच येऊन बसली.

त्या दिवशी एमआयडीसीत माझा पहिला इंटरव्ह्यू होता. आम्ही तिघं वीस मिनिटं बसून होतो.

"काका, चला ना! नोकरी जाईल माझी."

"आधी लागू दे, मग जाईल. तोवर तयारी कर. मावशी, विचारा याला काहीतरी."

शेजारच्या मावशींनी मेथीची जुडी मांडीवर नीट ठेवली. "हं. स्वतःविषयी सांग."

मी आमच्या आयटीआयच्या सरांच्या भारदस्त आवाजात सुरू झालो. मावशी हसल्याच नाहीत. मग टीव्हीवरच्या बातमीदाराचा आवाज काढला.

काका मागे वळले. "नोकरी त्याला पायजे का तुला? तुझ्या आवाजात बोल की!"

माझा आवाज इतका बारीक निघाला की तिसऱ्या सीटवरचे आजोबा कान पुढे करून वाकले. पण निघाला. "मी फिटर आहे. हळू काम करतो, पण पक्कं करतो."

तेवढ्यात चौथा पॅसेंजर धावत आला. काकांनी हात आडवा घातला.

"मागची रिक्षा घ्या, शेठ. इथं इंटरव्ह्यू चालूय."

आणि चक्क तीन सीटवर रिक्षा सोडली!

अंबरनाथ येईपर्यंत मावशींनी मला दोनदा नापास केलं. उतरताना साहेबाच्या थाटात म्हणाल्या, "ये सोमवारपासून."