व्याह्यांची फक्की

आमच्या व्याह्यांनी या सोलापुरात जेवढी घरं उभी राहू दिली, त्याच्या कितीतरी पट घरं त्यांनी जमिनीवर आडवी झोपवली. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. महापालिकेत बांधकाम परवान्याच्या टेबलावर त्यांची सारी नोकरी गेली. नकाशा आला की बाकीचे साहेब तो टेबलावर पसरायचे, हे गृहस्थ तो थेट प्लॉटवर पसरायचे. खेळाच्या मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड, फक्की, तिची पिशवी सायकलला अडकवून ते यायचे आणि कागदावरचं घर जसंच्या तसं, खऱ्या मापात, जमिनीवर आखायचे. मग मालकाला सहकुटुंब त्या रेघांच्या घरात घटकाभर संसार करायला लावायचे. तोही एप्रिलच्या दुपारी. "घर उन्हात तपासायचं असतं," ते म्हणायचे, "थंडीत सगळीच घरं चांगली की." एकदा म्हणे फक्कीच्या स्वयंपाकघरात एक सासू-सून ओटा कुठं असावा यावरून खरोखरच भांडल्या. सासूबाई रागानं तरातरा रस्त्याकडे निघाल्या, तर हे मागून ओरडले, "अहो, तिथं भिंत आहे, दारातनं जावा!" आणि सासूबाई रागातच वळून दारातनं गेल्या.

दोन घरांच्या मध्ये किती जागा सोडायची याचं नियमातलं माप त्यांना अर्थातच पाठ होतं. पण त्यांचा विश्वास स्वतःच्या काळ्या छत्रीवर. छत्री उघडायची आणि दोन भिंतींमधून चालत जायचं. एक जरी काडी भिंतीला घासली तरी नकाशा परत. मालकाच्या घरचं पाणी ते कधी घेत नसत, फिरकीचा तांब्या बरोबर असायचा. आणि प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला: "तुमच्या छतावरचं पाणी कुठं जातं?" दिवाळीत पोरांनी किल्ला केला की पोरं बिचारी मावळे दाखवायची, तर हे वाकून विचारणार, गडावरचं पाणी कुठं जातं? आमच्या गल्लीतल्या एका किल्ल्याला त्यांनी पाणी जिरवायला शोषखड्डा पाडायला लावला, तेव्हाच कुठं महाराजांना सिंहासनावर बसता आलं.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती मी तरुण, हौशी आणि बरीचशी मूर्ख होते तेव्हा. विजापूर रोडला आम्ही प्लॉट घेतला होता. प्लॉटच्या कडेला कडुलिंबाचं भलंमोठं झाड. पलीकडे मल्लव्वाचं बैठं घर. मल्लव्वा दिवसभर आमच्या लिंबाच्या सावलीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची. मला मात्र त्या जागी पोर्च हवं होतं, मोटारीसाठी. मोटार नव्हती. आमच्या ह्यांची एक स्कूटर होती आणि तीही कलती केल्याशिवाय चालू होत नव्हती. पण पुण्याच्या जाऊबाईंकडे पोर्च होतं, त्यामुळे मोटार हा माझ्या दृष्टीनं किरकोळ तपशील होता. लिंब काढायचा आणि पोर्च बांधायचं, असा नकाशा मी स्वतः पुढे उभं राहून करून घेतला.

साहेब आले, फक्की मारली, आणि झाडापलीकडच्या उन्हात एक मोटारही आखली. मला म्हणाले, "बसा, बाई." मी नवीन इरकल नेसून, काळा चष्मा लावून, जमिनीवरच्या मोटारीत बसले. शेजारी आमचे हे, हवेत स्टिअरिंग धरून. त्या माणसानं तोंडानं हॉर्नसुद्धा वाजवला, हे मी अजून विसरलेले नाही. "आता झाड नाही असं समजून जरा बसा," साहेब म्हणाले आणि स्वतः छत्री उघडून उभे राहिले. बुडाखाली जमीन अशी तापली होती की मी तिथं धपाटी भाजू शकले असते. पण जाऊबाईंचं पोर्च डोळ्यांपुढे, म्हणून हसतमुख बसून राहिले. मग ते म्हणाले, "आता दार उघडून उतरा." मी ऐटीत हात लांब केला, तो गेला थेट मल्लव्वाच्या भिंतीला.

नियमाप्रमाणे शेजाऱ्यांची हरकत त्यांनी तिथंच विचारली. मल्लव्वानं विडीचा दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "माजी हरकत न्हाय बाई. मी तिकडं सरकतो. पण ऊन माज्यामागं सरकतंय की."

पोर्च गेलं, लिंब राहिला. मी महिनाभर त्या साहेबांच्या नावानं बोटं मोडली आणि सगळी हौस हॉलमध्ये ओतली. हॉल असा मोठा काढला की साहेबांनी नकाशावर सही करताना विचारलं, "एवढ्यात करणार काय तुम्ही?" मी मान ताठ करून म्हटलं, "पाहुणे येतील." ते म्हणाले, "पाहुणे स्वयंपाकघरात बसतात, बाई." आणि तसंच झालं. मखमली सोफ्यावर मी जन्मभर चादर घालून ठेवली आणि सगळं गाव माझ्या ओट्यापाशी पाटावर बसून शेंगाची चटणी-भाकरी खाऊन गेलं.

पुढं मुलासाठी मुलगी बघायला गेलो, तर दार उघडायला तेच साहेब. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, पण ती फक्की मारल्याशिवाय कुणाला आत घेणार नाही अशी खात्री होती. मुलगी लाखात एक होती. पोहे झाले, आणि मुलीचे वडील म्हणून त्यांनी मुलाचा पगार विचारायच्या ऐवजी मला विचारलं, "तुमच्या छतावरचं पाणी कुठं जातं?" मी अभिमानानं सांगितलं, "रस्त्यावर." त्यांनी डोळे मिटले. साखरपुड्याआधी आम्हाला शोषखड्डा पाडून घ्यावा लागला. हुंड्याचं नावही कुणी काढलं नाही, पण वधूपित्यानं वरपक्षाकडून खड्डा घेतला, असं सोलापुरात एकच लग्न झालं असेल. मांडवही त्यांनी ऐन मुहूर्ताच्या तोंडावर हलवला, कारण आगीचा बंब यायला वाट नव्हती. अक्षता हातात घेऊन आम्ही सगळे मांडवाबरोबर सरकलो.

आता सगळं ऑनलाइन झालंय, फक्की कुणी मारत नाही. साहेब निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी विहीणबाई गेल्या. हे तिसऱ्या मजल्यावर एकटे, गुडघे कुरकुरतात, जिना उतरत नाहीत. सून रोज डबा घेऊन जायची आणि रोज रडवेली होऊन परत यायची. "बाबा, आमच्याकडं राहायला या," एवढंच तिचं मागणं. त्यांचं एकच उत्तर, "आधी जागा दाखवा." शेवटी माझ्या मुलानं लिंबाच्या बाजूला त्यांच्यासाठी एक खोली काढायचं ठरवलं. जिना नको, उंबरा नको, उशाशी वारा खेळता. साहेब रिक्षातून आले ते फक्की घेऊनच. आपलीच खोली आपणच आखली, आणि रेघेबाहेरच्या बोळात उभं राहून छत्री उघडली. काडी मल्लव्वाच्या भिंतीला घासली. लिंबाचं खोड तर बरोबर त्यांच्या उशीच्या जागी येत होतं.

"नामंजूर," ते म्हणाले.

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, खोली तुमच्यासाठीच आहे ना?"

"म्हणून तर."

मल्लव्वा आता माझ्यासारखीच म्हातारी. दारातूनच म्हणाली, "करा की मंजूर, सायेब. मी आता कुटं बसतो लिंबाखाली, गुडघं गेलं माजं."

"तुमची हरकत नसली तरी उन्हाची आहे, मल्लव्वा," ते म्हणाले, आणि संध्याकाळी परत जायचं म्हणून रिक्षावाल्याला सांगून ठेवलं.

जेवून ते जरा लवंडले. सून ओट्याशी पाठमोरी उभी, एकच ताट पुन्हा पुन्हा विसळत होती. माझ्या काय अंगात आलं कुणास ठाऊक. मुलाला हाक मारली, मखमली सोफा भिंतीला सरकवला, शोकेस बाहेर काढायला लावली. फक्की संपली होती, म्हणून रांगोळीचा डबा घेतला आणि माझ्या लाडक्या हॉलच्या मधोमध एक खोली आखली. दार, टेबल, लिंबाकडं उघडणारी खिडकी, आणि कॉट. मग त्यांना उठवलं. "साहेब, दुरुस्त प्रस्ताव आलाय."

ते छत्री टेकत आले. रेघ न ओलांडता दारातून आत शिरले. खिडकीशी उभं राहून लिंब पाहिला. मग खाली बसले आणि रांगोळीच्या कॉटवर सावकाश आडवे झाले. मी सवयीनं कॉट दोघांची काढली होती. ते भिंतीकडच्या बाजूला झोपले, दुसरी बाजू मोकळी ठेवली.

मग छताकडं बघतच त्यांनी विचारलं, "विहीणबाई, आणि तुमचा हॉल?"

"पाहुणे येणार होते ना," मी म्हटलं, "आले."

उठले तेव्हा सगळी पाठ पांढरी झाली होती. सून ती झटकत होती, आणि शोकेस जिन्याच्या वाटेत ठेवू नका म्हणून ते माझ्या मुलाला सांगत होते. रिक्षावाला परत गेला.

सुतार उद्या येतो म्हणतो, म्हणजे लाकडी भिंत कधी होईल सांगवत नाही. रांगोळी पुसट झाली की मी पुन्हा ओढते. सकाळी चहा घेऊन जाते तेव्हा चारी बाजू मोकळ्या असूनही वळसा घालून दारापाशी थांबते आणि कपावर चमचा वाजवते. ते चष्मा लावतात, अंगावरचं पांघरूण नीट करतात, आणि म्हणतात, "या की. दार उघडंच आहे."