आतून विचारणारं कुणी

१९७०च्या सुमारास, गौरी आणायच्या दिवशी, मुलुंडच्या एका चाळीत एका अनोळखी बाईने मला तिच्या घरात उभं केलं आणि ती स्वतः उंबऱ्याबाहेर थांबली. मी एका मित्राकडे गेलो होतो. त्याच्या दाराला कुलूप होतं. गणपतीसाठी बहुतेक चाळ कोकणात गेली होती.

बाई पन्नाशीची होती. हातातल्या सुपात तेरड्याची गौर. डोक्यावरचा पदर घसरू नये म्हणून तिने तो दातांत धरला होता. बोलायचं असलं की सोडायची.

"आतून कुणी विचारल्याशिवाय गौर घरात येत नाही, भाऊ. लेक विचारायची. यंदा ती सासरची गौर आणतेय. मालक पाळीवर गेलेत."

काय विचारायचं तेही तिनेच सांगितलं.

"कोण आलं?" मी विचारलं.

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्यामोत्यांच्या पावलांनी."

तिने आत पाऊल टाकलं. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "किती दिवस राहणार?"

ती थबकली.

"माहेरी आलेल्या लेकीला असं विचारतात का?"

ती पुन्हा उंबऱ्याबाहेर गेली. "पहिल्यापासून विचारा."

मी पहिल्यापासून विचारलं. तो प्रश्न वगळला. गौर आत आली.