ज्याचा डबा त्याच्या पाठीवर

किसन ओव्हाळ कासारवाडीचा, पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर. गुरुवारी सुट्टी मिळाली की दोर खांद्यावर टाकून तो लोणावळ्याच्या गाडीत बसायचा आणि कड्याला भिडायचा. १९७९ साली कारखान्यातल्या गिर्यारोहण मंडळानं हिमाचलातलं एक शिखर निवडलं, तेव्हा मोहिमेचे नेते यशवंतराव काळभोरांनी पहिलं नाव घेतलं ते किसनचं.

शिखरावर दोघे पोचले, किसन आणि टूलरूममधला आबाजी. उतरताना आबाजीचा पाय घसरला. दोघं एकाच दोराला बांधलेले. किसननं हातातली गिर्यारोहणाची कुऱ्हाड बर्फात रोवली आणि त्याला तोलून धरलं. तळावर सगळे गळ्यात पडून रडले, नाचले.

दुसऱ्या दिवशी आवराआवर सुरू झाली. तंबूंमागे रिकामे डबे, रॉकेलचे फुटके कॅन, संपलेले सेल, प्लॅस्टिकच्या पिशव्या असा ढीग साचला होता. आधीच्या तुकड्यांचे गंजलेले डबेही तिथंच. जाताना सगळं ओढ्यात ढकलून द्यायची रीतच होती.

"ओढा खालच्या गावातून जातो," किसन म्हणाला. "येताना बायका त्यात हंडे बुडवताना पाहिल्या ना आपण? हे खाली नेऊ."

आबाजी थकलेला, वैतागलेला. "कोण वाहणार एवढा कचरा? तुम्हा लोकांना सवय असेल, तू उचल."

किसनचा आजा गावची मेलेली जनावरं ओढायचा. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि ते काम कायमचं सुटलं. आई गिरजाबाईनं त्याला शाळेत घालताना बजावलं होतं, "दुसऱ्याची घाण उचलायची न्हाई." किसनची कानशिलं तापली. ढिगाकडे पाठ फिरवून चालू लागावं, असं त्याला वाटलंही. पण पाणी तर तसंच खाली जाणार होतं.

"आजाला गाव फर्मावायचं, म्हणून तो ओढायचा," तो सावकाश म्हणाला. "मला कुणी फर्मावलेलं नाही. मी खाल्लेले डबे मी नेतो. तू खाल्लेले तू ने."

यशवंतराव उठले. एक डबा दगडानं ठेचून चपटा केला आणि पोत्यात टाकला. मग एकेक जण आला. सगळ्यांत शेवटी आबाजी.

"चुकलं माझं, भावा."

"पोतं धर," किसन म्हणाला.

कागद जाळले, शिळंपाकं पुरलं आणि बाकीचं पाठीवर घेऊन मंडळी मोटाररस्त्यापर्यंत उतरली. जुन्या तुकड्यांचे डबेसुद्धा मागं राहिले नाहीत. पुढं ट्रकनं ते शहरातल्या भंगारवाल्याकडे पोचले.

चिंचवड स्टेशनवर हार, हलगी, गुलाल. घरी जेवताना किसननं आईला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"कुनी सांगितलं व्हतं तुला उचलाया?"

"कुणीच नाही. मी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं."

"यशवंतरावांनी बी?"

"सगळ्यांत आधी त्यांनीच."

गिरजाबाई ताठ बसली. "मंग झ्याक केलंस."

दुसऱ्या दिवशी तिनं चाळीतल्या बायकांपुढं शिखराची गोष्ट चार वाक्यांत उरकली. यशवंतरावांनी डबा कसा ठेचला, ते मात्र हातात बत्ता घेऊन करून दाखवलं.

ब्याऐंशीच्या मोहिमेचा नेता किसन होता. त्या मोहिमेचा फोटो मंडळाच्या खोलीत लावला आहे. मागं स्वच्छ, मोकळा तळ, झेंड्याशेजारी टम्म फुगलेली पोती, आणि मधोमध छाती काढून उभा किसन ओव्हाळ.