महादेवीअक्का आणि डोक्यातली राख

नववीच्या सहामाहीत 'डोक्यात राख घालून घेणे'चा अर्थ मी बरोबर लिहिला होता : रागाच्या भरात मागचापुढचा विचार न करता वागणे. वाक्यात उपयोगही केला : 'महादेवीअक्का रोज डोक्यात राख घालून घेतात.' सरांनी अर्धा गुण कापला. म्हणाले, रोज कुणी घालून घेत नसतं. सर आमच्या गल्लीत राहत नव्हते.

अक्का कडक भाकऱ्या करून विकतात. थापताना ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घेऊन चापट मारतात. राग जास्त, तेवढी भाकरी पातळ.

गेल्या मंगळवारी, पाच दिवसांनी, नळाला पाणी आलं ते करंगळीएवढं. टेंभुर्णीचे हॉटेलवाले बाळासो यांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीनशे भाकऱ्या हव्या होत्या. अक्कांची पहिलीच मोठी ऑर्डर. जमली तर दर आठवड्याला मिळणार होती. आणि घरात पीठ भिजवायला पाणी नाही! पुढच्या बंगल्यांच्या टाक्या मात्र भरून वाहत होत्या.

कोपऱ्यावर पाणी सोडणारा गुरुसिद्धप्पा लांब लोखंडी चावी घेऊन उभा होता. अक्का तरातरा गेल्या.

"एनप्पा, काय रे बाबा, ही धार हाय का थुंकी?"

"वरनंच प्रेशर न्हाय, अक्का."

"मग त्या गच्चीवर काय ढग फुटला व्हय?"

"मला सांगतील तेवढंच खोलतो मी. ऑफिसात अर्ज द्या की."

दोन वर्षांत अक्कांनी सात अर्ज दिले होते. सगळे मीच लिहिलेले. खाली 'आपली नम्र' हे खोटंही माझंच. एकाचंही उत्तर नाही.

अक्कांनी चावी हिसकावली, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घातली आणि सगळं अंग टाकून पीळ दिला.

"उलटं फिरवताय!" गुरुसिद्धप्पा ओरडला.

कट्! व्हॉल्व्हचा दांडा मोडला. आमची करंगळी गेली, बंगल्यांचंही पाणी गेलं. गल्ली अक्कांवर तुटून पडली. तेवढ्यात बाळासोंचा फोन.

"भाकऱ्या वेळेत मिळतील ना?"

"न्हाय मिळत! जा, दुसरीकडनं घे!"

पाच मिनिटांत दोनदा राख.

सात अर्जांना न हललेले पाणी ऑफिसातले साहेब बंगल्यातल्या एका फोनवर दोन तासांत जीपमधून आले. माझंच डोकं तापलं.

"कुणी मोडला?"

"मी. लिवून घ्या. आणि अर्ज कुणी दाबले, तेबी लिवा."

साहेबांनी पहिलं तेवढं लिहून घेतलं.

चार वाजता नवा व्हॉल्व्ह बसला आणि तपासायला पूर्ण उघडला. इतक्या जोरात पाणी आलं, की आमची बादली उलटली. अक्कांनी पिंप भरलं आणि ऑर्डर हातात नसताना धुसफुसत पीठ भिजवायला घेतलं.

"बाळासोंना फोन लावू का?" मी विचारलं.

"लाव. पर माफी मागायची न्हाय."

बाळासो स्पीकरवर म्हणाले, "एका दिवसात तीनशे देणारं दुसरं कोण हाय? द्या म्हणावं. पण त्या बाईंना सांगा, जरा नीट बोलत जा."

मी फोन छातीशी घट्ट धरला, न जाणो हिसकावून भिरकावतील. अक्कांनी पहिला गोळा परातीत आदळला.

"हा बाळासो!" चापट. "हा साहेब!" आणखी जोरात.

भाकरी कागदासारखी झाली.

"हो म्हणाल्या," मी बाळासोंना सांगितलं.